वांग्यांच्या काट्यावर अठ्ठ्याण्णव किलो

“उतरा! ओ भाऊ, आधी खाले उतरा! वांगास्ना काटा शे तो, मानूस मोजाना नही!”

भरीत सेंटरचा मालक हातातलं मुसळ तसंच घेऊन माझ्याकडे धावत आला. मी उतरलो नाही. आकडा बघून पाय तिथेच चिकटले होते. लाल दिव्यांचे आकडे, रस्त्याकडे तोंड करून, जळगावातल्या यच्चयावत लोकांना वाचता येतील एवढे मोठे : ९८.४०.

रस्त्यापलीकडच्या रिक्षातून कोणीतरी विचारलं, “काय भाव शे हाई वांगं?”

अख्खी गल्ली हसली. एक म्हैस हसली. हे मी शपथेवर सांगतो. फक्त माझी थोरली बहीण हसली नाही. अक्का दुकानाच्या बाकावर बसून त्या आकड्याकडे बघत होती. हा प्रकार माझ्याच हाताने झाला होता. काटा बंद आहे असं समजून मी मिरवायला त्यावर चढलो होतो. “बघ अक्का, काटा हलतो तरी का! वारा आला तर मी उडून भुसावळला पडेन,” असं म्हणतच चढलो. काटा चालू होता. डिसेंबरात भरिताच्या दुकानाचा काटा बंद असेल, असं खान्देशात जन्मलेल्या माणसाने समजावं, हे तीस वर्षं कोकणात राहिल्याचं फळ.

अक्काने आकडा वाचला, पदर सारखा केला आणि मालकाला म्हणाली, “अर्धा किलो भरीत द्या. वरून कच्चं तेल घाला. कळण्याच्या भाकरी चार. आणि याला एक पाट द्या बसायला.”

ते अर्धा किलो भरीत आम्हा दोघांत मला एकट्यालाच खायचं होतं. ते का, हे आधी सांगतो, नाहीतर पुढचं सगळं तुम्हाला नुसती खादाडी वाटेल.

अक्काच्या दोन्ही किडन्या गेल्यात. धुळ्याला आठवड्यातून तीन दिवस, सोमवार-बुधवार-शुक्रवार, चार-चार तास तिचं रक्त यंत्रातून फिरवून आणतात. भाऊजी नाहीत. मुलीचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. नुसता रक्तगट नाही, आत जे काही जुळावं लागतं ते सगळं जुळलं. नाशिकचे डॉक्टर म्हणाले, “तुमची एक किडनी बसेल. पण तुम्ही एकशे एक किलो आहात. नव्वदच्या आत या, मग तारीख देतो.” चार महिने दिले. एका आहारवाल्या मॅडमांनी तक्ता करून दिला. चिपळूणच्या माझ्या बँकेत तो टेबलाच्या काचेखाली ठेवला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवला. अक्काला दर रविवारी फोनवर वजन सांगायचो : अठ्ठ्याण्णव, शहाण्णव, चौऱ्याण्णव, ब्याण्णव. मी आयुष्यभर प्रत्येक गोष्ट वाढवून सांगत आलोय. सापाची लांबी, लग्नातली माणसं, पुराचं पाणी. कमी करून सांगितलेला माझ्या आयुष्यातला हा एकच आकडा.

नाशिकची तपासणी गुरुवारी होती. त्याआधीचे शनिवार-रविवार मोकळे. अक्काच म्हणाली, “ये धुळ्याला. ऑपरेशनच्या आधी चार दिवस फिरू. मग तुले सहा महिने कोनी घराबाहेर सोडाव नही.” मी सुटी टाकली आणि आलो. शनिवारी तिची गाडी चालवत दोघं जळगावला गेलो. मॅडमांनी हॉटेलात खायचे नियम वेगळे लिहून दिले होते : आधी काकडी-मुळा. भाकरी अर्धी. तेलाची तर्री चमच्याने बाजूला. ताट आलं की निम्मं आधीच बांधून घ्यायचं. प्रत्येक घास बत्तीस वेळा. पिशवीत ठेवायला, स्वयंपाकघरात पीठ मोजतात तसला छोटा काटाही दिला होता.

जळगाव

भरीत काय असतं हे कोकणातल्या माझ्या शेजाऱ्यांना मी तीस वर्षं समजावतोय. ते म्हणतात, आमच्याकडेपण वांगं भाजतात. त्यांना मी काय सांगणार? बामणोदकडची हिरवी, पांढरट, हाताच्या कोपराएवढी वांगी. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांच्या जाळात टाकायची. बाहेरून कोळसा, आतून लोणी. लाकडाच्या खोलगट भांड्यात हिरवी मिरची, लसूण, शेंगदाणे घालून ठेचायची. त्या धुराचा वास मला मनमाडलाच आला होता, आणि मनमाड ते जळगाव अंतर तुम्ही नकाशावर बघून घ्या.

मी नियमाने काकडी खाल्ली. नियमाने अर्धी भाकरी मोडली. अक्काने उरलेली अर्धी माझ्या ताटात परत ठेवली.

“अर्धीच सांगितलीय,” मी म्हणालो.

“कोनी?”

“मॅडमनी.”

“त्या मॅडमले दे फोन लावून. म्हना, या इकडे, भरीत खा आणि मग सांगा.”

वांगं अक्काला चालत नाही. केळं चालत नाही, टोमॅटो नाही, बटाटा दोनदा उकळून पाणी फेकून. पाणी दिवसाला पाऊण लिटर, तेही आमटी-चहा धरून. तिच्या पर्समध्ये खुणा केलेली बाटली असते. तिने ताट जवळ ओढलं, वाकली, डोळे मिटून वास घेतला. मग करंगळीचं टोक तेलाला लावून जिभेला लावलं. बस. ओठ कोरडे पडून त्यांना बारीक भेगा गेलेल्या. बाटलीतलं एक झाकण पाणी तिने तोंडात फिरवलं आणि गिळलं.

“मीठ बरोबर शे,” ती म्हणाली. “खाई ले.”

मी खाल्लं. बत्तीस वेळा चावायचं होतं. एकूण जेवणात मिळून बत्तीस झाले असतील.

काट्याच्या आकड्याबद्दल ती एक शब्द बोलली नाही. दुपारी नाही, संध्याकाळी तिच्या मैत्रिणीच्या घरी मुक्कामाला गेलो तेव्हाही नाही. आणि हे विशेष होतं. कारण अक्का तीस वर्षं मुलींच्या वसतिगृहाची गृहपाल होती. दर महिन्याला ऐंशी मुलींचं वजन रजिस्टरला चढवायची. पोरगी दारातून आत आली की काटा लागायच्या आधी आकडा सांगायची, आणि अर्धा किलोसुद्धा चुकायची नाही. पोरी म्हणायच्या, मॅडमच्या डोळ्यांत पासंग नाही. तेव्हा ब्याण्णव ऐकून धुळ्याच्या स्टँडवर माझ्याकडे बघताना तिला काय दिसलं असेल, याचा विचार मी करायला हवा होता. मी भरिताचा करत होतो.

पारोळ्याच्या अलीकडे

रविवारी परत निघालो. दोन्ही बाजूंना कपाशी वेचून झालेली, काड्या उभ्या, त्यांत अडकलेल्या कापसाच्या चिंध्या. केळीच्या बागा मागे पडल्या तसा रंगच गेला. गिरणेच्या पुलावर अक्काने गाडी थांबवायला लावली. खाली वाळू, आणि वाळूतून माणूस हरवलेलं काही शोधत जावं तशी पाण्याची एक धार. “इतलं पानी माले पुरे,” ती म्हणाली आणि काच वर केली.

पारोळ्याच्या अलीकडे एका ढाब्यावर वरण-बट्टी मिळते असं तिलाच माहीत होतं. बसलो. आमच्या कोकणात पाहुण्याला वाढताना यजमान विचारतो, “घालू का?” इथे घालून झाल्यावर विचारतात, “काय व्हयनं, आवडलं नही का?” बट्ट्या आल्या. एकेक अशी की पारोळ्याच्या किल्ल्यावरून डागली असती तर शत्रू पार अमळनेरला जाऊन थांबला असता. मी मनाशी ठरवलं : आज नियम. पिशवीतून छोटा काटा काढला, टेबलावर ठेवला, त्यावर बट्टी ठेवली.

शेजारच्या टेबलांवरचे लोक जेवायचे थांबले.

गल्ल्यावरचा मालक उठून आला. टोपी सारखी केली. “साहेब,” तो अगदी हळू म्हणाला, “वजनमापेवाले का?”

मी “नाही” म्हणायला तोंड उघडलं. त्याआधी अक्का बोलली. गृहपालाच्या आवाजात, एकही खान्देशी शब्द न घालता : “साहेब सुटीवर आहेत. तुम्ही वाढा.”

मग जे झालं त्याला वाढणं म्हणत नाहीत. आचारी, आचाऱ्याची बायको, मालकाचा म्हातारा बाप, सगळे एकेक भांडं घेऊन आले. बट्टी चुरून वर तूप, वांग्याची घोटलेली भाजी, वर तूप, मिरचीचा ठेचा, तुपात भिजवलेला. मालकाचा बाप माझ्या मांडीला मांडी लावून बसला आणि सांगू लागला, “साहेब, आमच्याकडं माप जास्तच जातं, कमी कधीच नाही. काट्यावर टाकून बघा ना.” मी काट्यावर टाकून बघत होतो आणि पोटात टाकत होतो. तो नको तितक्या खरेपणाने माझ्या तोंडाकडे बघत होता.

“अजून एक साहेबांना,” अक्का म्हणाली.

“अक्का, पुरे.”

“तुले पुरे व्हयनं का कधी?”

बाहेर आल्यावर मी हसून हसून गाडीच्या बॉनेटवर पडलो. तीही हसली, पण तिला धाप लागली. ती दाराला धरून उभी राहिली. पायांवर सूज चढली होती, चपलेचे पट्टे मांसात रुतलेले. मी तिला आधार द्यायला डावा हात धरला तशी ती ओरडली, “तो नही!” त्या हातात शीर जोडून मोठी केलेली आहे, तिथे बोट ठेवलं तर आत दळण चालू असल्यासारखी घरघर लागते. त्या घरघरीवर ती जगते. डॉक्टर मागच्या महिन्यात म्हणाले होते की घरघर मंद होतेय, ही शीर फार दिवस काढणार नाही, दुसऱ्या हाताची शीर चांगली नाही. म्हणजे वाट बघायला जागा थोडी होती. हे मला माहीत होतं. बट्टी खाताना माहीत होतं.

धुळे, सोमवार

डायलिसिसच्या खोलीत मी दहा मिनिटंच थांबू शकलो. दोन जाड सुया, दोन नळ्या, एकीतून जाणारं आणि दुसरीतून येणारं रक्त सारखंच लाल. यंत्राचा आवाज पिठाच्या गिरणीसारखा. अक्का म्हणाली, “जाय. समोर सुमनची खानावळ शे. मी फोन करेल शे.”

सुमन तिच्या वसतिगृहातली जुनी मुलगी. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याला तिचं गाव, पावसावरची शेती, डोंगरातला मोह. आता धुळ्यात तिची खानावळ आहे, दहा टेबलांची. मी दारात पाय टाकला तशी म्हणाली, “तुम्ही मॅडमचे भाऊ. बसा मामा. पोटभर वाढायला सांगितलंय.”

“कोणी?”

“मॅडमनी. आणखी कोण सांगणार?”

शेवभाजी आली. त्या तर्रीचा लाल रंग असा की वाटीकडे बघून रस्त्यावरचा ट्रक थांबला असता. पहिल्या घासाला घाम, दुसऱ्याला अश्रू, तिसऱ्याला माझे सगळे पूर्वज रांगेत उभे राहून आशीर्वाद देताना दिसले. आणि इथे एक गोष्ट सांगायची राहिली ती सांगतो. चार महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझा शर्ट वर करून बरगडीच्या खाली पेनाने रेघ काढली होती. एवढंच. “इथून,” ते म्हणाले. पेन गार होतं. त्या दिवसापासून मला भूक लागायला लागली. लोकांची भीतीने भूक जाते, माझी आली. तक्ता काचेखाली होता आणि मी बँकेच्या मागच्या गल्लीत वडे खात होतो. रेघ साबणाने गेली. जागा अजून कळते.

सुमन समोर येऊन बसली. “मामा, मॅडमनी मला काय केलं होतं सांगू? दहावीत माझी कबड्डीच्या मोठ्या संघात निवड झाली. पुण्याला जायचं होतं. वजनगटात बसायला पाहिजे. मला जायचं नव्हतं.”

“का?”

“भीती वाटायची. कशाची ते आता आठवतही नाही. पण सरांना सांगायची हिंमत नव्हती. सगळ्या गावाला सांगून झालं होतं ना! मॅडमनी विचारलं नाही, काही नाही. आठ दिवस रोज माझ्या ताटात दोन भाकरी जास्त. वर गूळ-तूप. निवडीच्या दिवशी काट्यावर चढले, सव्वा किलो जास्त. सर मॅडमवर इतके ओरडले की भांडी वाजली. म्हणे, तुमच्या स्वयंपाकघरामुळे पोरीचं नुकसान झालं.” ती हसली. “मला कोणीच काही बोललं नाही.”

मी पण हसलो. फार मोठ्याने. म्हणालो, “अक्का म्हणजे अशीच!” आणि दुसरी वाटी मागवली.

चार तासांनी अक्का बाहेर आली तेव्हा मातीच्या रंगाची झाली होती. हातावर पट्टी. सुमनने ताट केलं, पण ती जेवली नाही. माझ्याकडे वरपासून खालपर्यंत एकदाच बघितलं, गाय विकत घेताना बघतात तसं. 

मंगळवारी लळिंगच्या पायथ्याशी गेलो. किल्ला चढायचा असं मी जाहीर केलं होतं. मॅडमांच्या तक्त्यात चालणं होतं. पंधरा पायऱ्या चढून खाली आलो. अक्काने तोवर झाडाखाली डबे उघडले होते. तिने पहाटे उठून फुनके केले होते, आणि कढी. डाळीचे वाफवलेले मुटके, वर फोडणी. वाफवलेलं म्हणजे तक्त्यात बसतं, असं मी म्हणालो आणि अकरा खाल्ले. वारा गार होता. वर किल्ल्याच्या तटावर एक माकड बसून आमच्याकडे बघत होतं. त्यालाही कळत असावं.

“सुध्या,” ती अचानक म्हणाली, “तुले काही सांगनं शे का?”

मी काय सांगितलं माहीत आहे? लहानपणी याच डोंगरात मी वाघ बघितला होता, ती गोष्ट. वाघ या वेळी दोन झाले. तिने शेवटपर्यंत ऐकली. मग डबे पुसले.

नाशिक, गुरुवार

दवाखान्याचा काटा पांढरा, आवाज न करणारा. मी पाकीट काढलं, पट्टा काढला, घड्याळ काढलं, चष्मासुद्धा काढला. नर्स म्हणाली, “काका, दात राहू द्या.” अक्का खुर्चीत बसली होती. तिने आकडा बघितला नाही. खिडकीतून बाहेर बघत होती. नंतर लक्षात आलं, नर्सने आकडा वाचण्याच्या आधीच ती ओठांतल्या ओठांत एक आकडा पुटपुटली होती.

नव्व्याण्णव पूर्णांक सहा.

डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, “तारीख देता येणार नाही. तीन महिन्यांनी बघू.” मग अक्काचा हात हातात घेऊन शिरेवर बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं. तीन महिने तिच्याकडे आहेत का, हे त्यांना विचारावं असं मला वाटलं. विचारलं नाही. अक्का डॉक्टरांना म्हणाली, “माझंच चुकलं. चार दिवस पाहुणचार केला, आग्रह केला. तो काय करेल? आमच्याकडे पाहुण्याला नाही म्हणता येत नाही.”

डॉक्टरांनी तिच्याकडे बघून मान हलवली. “असा आग्रह करू नका, ताई,” एवढंच म्हणाले. मला कोणीच काही बोललं नाही.

हे लिहितो आहे त्या दिवशी माझं वजन एक्क्याण्णव आहे. खरं. तुम्ही विश्वास ठेवणार नाही, ते बरोबरच आहे. मी फोटो काढून ठेवलाय. तारीख अजून मिळालेली नाही. अक्का सोमवार-बुधवार-शुक्रवार जाते. शिरेतली घरघर आता कान लावल्याशिवाय कळत नाही, आणि फोनवर मी रोज तिला ती ऐकवायला सांगतो. ती रिसीव्हर हाताला लावते. मला काहीच ऐकू येत नाही. “ऐकू आली,” असं मी म्हणतो.

त्या गुरुवारी आम्ही दवाखान्याच्या आवारात गाडीपाशी आलो.  ऊन चांगलं होतं, फाटकाबाहेर केळीवाला ओरडत होता. मी दार उघडलं नाही. गाडीच्या टपावर हात ठेवून, तिच्याकडे न बघता, आयुष्यात पहिल्यांदा काहीही न वाढवता सांगितलं की अक्का, तुझ्या आग्रहाने नाही. मी मुद्दाम खाल्लं. चार महिने मुद्दाम खाल्लं. मला भीती वाटते.

ती पलीकडच्या बाजूने दार उघडून आत बसली. सीटचा पट्टा ओढला, लागेना, परत ओढला. खुणांच्या बाटलीतलं एक झाकण पाणी प्यायली आणि झाकण घट्ट लावलं.

“माले माहीत शे,” ती म्हणाली. “आर्डर मीच तं देत व्हतू.”